अदृश्य नायकाची परंपरा: वेल्सची कादंबरी, मुंबईचा पडदा आणि बालाघाटातला प्रेक्षक

एच. जी. वेल्स यांची 'द इन्व्हिजिबल मॅन' ही कादंबरी १८९७ साली लंडनच्या 'पिअर्सन्स वीकली' या साप्ताहिकातून क्रमशः आणि त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, मुंबईच्या प्रकाश पिक्चर्स या संस्थेने त्याच कल्पनेवर 'ख्वाब की दुनिया' हा हिंदी बोलपट काढला. पुढे 'मिस्टर एक्स' (१९५७), 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' (१९६४), 'एलान' (१९७१), 'मिस्टर इंडिया' (१९८७), 'गायब' (२००४) आणि पुन्हा 'मिस्टर एक्स' (२०१५) अशा चित्रपटांतून अदृश्य माणसाची एक सलग परंपरा मुंबईत उभी राहिली. या परंपरेने वेल्सकडून अदृश्यतेची कल्पना उचलली, तिचे तंत्र इथल्या साधनांनी नव्याने घडवले, परंतु कादंबरीतल्या नैतिक प्रश्नाला दिलेले उत्तर मात्र आपल्या घरचे होते. ते उत्तर कुठून आले हे समजून घ्यायचे, तर स्टुडिओइतकेच पडद्यासमोर बसलेल्या प्रेक्षकाकडे पाहावे लागते, आणि त्या दृष्टीने बालाघाटच्या डोंगररांगांतला, नाथपंथाच्या समाधिस्थानांनी व्यापलेला बीड जिल्हा हा या इतिहासाचा अनपेक्षित, पण अत्यंत उद्बोधक साक्षीदार ठरतो.

कादंबरीतले विज्ञान आणि कादंबरीतला प्रश्न

वेल्सच्या कथेचा नायक ग्रिफिन हा आधी वैद्यकाचा आणि नंतर भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आहे. प्रकाशकिरण एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात शिरताना किती वळतो हे दाखवणाऱ्या संख्येला अपवर्तनांक म्हणतात, आणि ग्रिफिनचा सिद्धान्त असा की एखाद्या पदार्थाचा अपवर्तनांक हवेच्या अपवर्तनांकाइतका केला, व त्याने प्रकाश शोषलाही नाही, तर तो पदार्थ दिसणारच नाही. काचेचा चुरा हवेत पांढरा दिसतो पण पाण्यात टाकला की जवळजवळ नाहीसा होतो, कागदाला तेल लावले की तो पारदर्शक होतो, अशी रोजच्या पाहण्यातली उदाहरणे देऊन वेल्स हा सिद्धान्त वाचकाच्या गळी उतरवतात. त्यांच्या कथेतली जादू अशी शाळेच्या प्रयोगवहीतून वर येते, आणि विज्ञानकथा या वाङ्मयप्रकाराचे सामर्थ्य नेमके याच पद्धतीत आहे.

या सिद्धान्ताचे परिणाम वेल्स कठोरपणे पाळतात. ग्रिफिनचे शरीर अदृश्य होते, परंतु कपडे होत नाहीत, म्हणून लपायचे असेल तर त्याला थंडीत उघडे हिंडावे लागते; पोटातले न पचलेले अन्न काही काळ दिसत राहते; पाऊस, बर्फ, धूळ आणि धुके त्याची आकृती उघड करतात. प्रयोगासाठी वापरलेल्या मांजराचे सारे अंग नाहीसे होते, मात्र डोळ्यांच्या मागचा चमकणारा पडदा शिल्लक राहतो. अदृश्य माणसाच्या दृष्टिपटलावर प्रकाश शोषलाच जाणार नसल्यामुळे तो स्वतः आंधळा असला पाहिजे, ही त्रुटी पुढे रशियन विज्ञानलेखक याकोव्ह पेरेलमन यांनी दाखवून दिली. मांजराच्या डोळ्यांचा तपशील पाहता वेल्सना या अडचणीची चाहूल लागली असावी असे मानायला जागा आहे.

कादंबरीचा खरा गाभा मात्र नैतिक आहे. ग्रिफिनने संशोधनासाठी आपल्या बापाकडून पैसे चोरलेले असतात, ते पैसे बापाचे स्वतःचे नसतात, आणि त्या नामुष्कीने बाप आत्महत्या करतो. आयपिंग या खेड्यातल्या खाणावळीत चेहऱ्याला पट्ट्या गुंडाळून उतरलेला हा माणूस हळूहळू दहशतीचे राज्य स्थापण्याची स्वप्ने पाहू लागतो, डॉक्टर केम्प या जुन्या ओळखीच्या माणसाला त्यात ओढू पाहतो, आणि शेवटी चिडलेल्या जमावाच्या हातून मारला जातो. मृत्यूनंतरच त्याचे शरीर पुन्हा दिसू लागते. कोणीही पाहत नसताना माणूस नीतीने वागेल का, हा प्रश्न युरोपात जुना आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात गायजीस नावाच्या मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तिच्या बळावर तो राजाला मारून राज्य बळकावतो, ती कथा याच प्रश्नासाठी आलेली आहे. वेल्सनी त्या अंगठीच्या जागी प्रयोगशाळा आणली आणि उत्तर तितकेच निराशाजनक दिले.

रंगमंचावरून पडद्यावर आलेली युक्ती

न दिसणारा माणूस प्रेक्षकांना दाखवायचा कसा, ही प्रत्येक रूपांतरकाराची पहिली अडचण असते, आणि तिचा उपाय सिनेमाच्या आधी रंगमंचाला सापडला होता. १८८५ च्या सुमारास बर्लिनमध्ये माक्स आउत्सिंगर या जादूगाराने 'ब्लॅक आर्ट' नावाचा प्रकार रूढ केला. त्यात रंगमंच संपूर्ण काळ्या मखमलीने मढवतात, पायापासून डोक्यापर्यंत काळे कपडे घातलेले सहायक त्या पार्श्वभूमीवर मिसळून जातात, आणि त्यांनी हातात धरलेल्या पांढऱ्या वस्तू आपोआप हवेत तरंगल्यासारख्या दिसतात. हीच काळी पार्श्वभूमी फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांनी आपल्या सुरुवातीच्या चित्रपटांत वापरली; मेलिएस स्वतः जादूगार होते. भारतात चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके हेसुद्धा 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करीत असत, आणि 'लंकादहन' (१९१७) व 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटांतली त्यांची चमत्कृतिदृश्ये या हातखंड्यातूनच आली होती.

वेल्सच्या कादंबरीला पडद्यावर प्रतिष्ठा मिळाली ती हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीच्या १९३३ मधील चित्रपटाने. जेम्स व्हेल यांचे दिग्दर्शन, आर. सी. शेरिफ यांची पटकथा आणि क्लॉड रेन्स यांचा केवळ आवाजावर उभा असलेला अभिनय ही त्याची बलस्थाने होती. तंत्र जॉन पी. फुल्टन यांचे होते. अंगावर काळी मखमल आणि तिच्यावर कपडे घातलेल्या नटाचे चित्रण काळ्या पार्श्वभूमीवर करायचे, म्हणजे फिल्मवर फक्त कपडे उमटतात; मग ती प्रतिमा वेगळ्या चित्रित केलेल्या खोलीच्या प्रतिमेवर छापण्यासाठी चौकटीचा नेमका तेवढाच भाग झाकायचा. झाकण्याच्या या पद्धतीला 'मॅट' म्हणतात. चित्रपटात एक बदल मोठा होता: ग्रिफिनचे वेड त्याने घेतलेल्या औषधातून येते असे दाखवले होते. वेल्सना हा बदल खटकला, कारण त्यांच्या कादंबरीतला ग्रिफिन रसायनाने बिघडलेला नव्हता; सत्तेची चटक लागलेला तो एक हुशार माणूस होता.

रंगमंचाने ही कादंबरी पुन्हा आपल्याकडे घेतली ती बऱ्याच उशिरा. लंडनच्या स्ट्रॅटफर्ड ईस्ट येथील थिएटर रॉयलमध्ये केन हिल यांचे नाट्यरूपांतर १९९१ साली सादर झाले आणि त्यातले भ्रमप्रयोग पॉल कीव्ह या जादूगाराने बसवले. अदृश्य माणसाला उभे करण्यासाठी नाटकाला पुन्हा जादूगाराचीच मदत लागली, ही बाब या साऱ्या परंपरेच्या उगमाशी सुसंगत आहे.

'ख्वाब की दुनिया' आणि काळा धागा

१९३३ च्या त्या इंग्रजी चित्रपटाचा प्रभाव मुंबईपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. प्रकाश पिक्चर्स ही विजय भट्ट आणि शंकर भट्ट या बंधूंची संस्था होती. अदृश्य माणसाचा विषय हिंदीत आणण्याचे विजय भट्ट यांनी ठरवले, तेव्हा त्यांच्या हाताशी ना हॉलिवूडसारखी प्रतिमा एकत्र छापणारी महागडी यंत्रे होती, ना त्या तंत्राची माहिती देणारा कोणी जाणकार. हे काम त्यांनी सुरतहून आलेल्या, विशीसुद्धा न गाठलेल्या बाबूभाई मिस्त्री या तरुणाकडे सोपवले. बाबूभाईंचा जन्म १९१८ चा. त्यांचे शिक्षण स्टुडिओतच, हाताने काम करता करता झाले होते.

बाबूभाईंनी शोधलेला मार्ग साधा आणि अचूक होता. वस्तू काळ्या धाग्याने बांधायच्या, मागे काळा पडदा सोडायचा, आणि दिव्यांची मांडणी अशी करायची की वस्तूवर प्रकाश पडेल पण धाग्यावर चमक येणार नाही. मग वरून धागे हलवणाऱ्याच्या कौशल्यावर पेला उचलला जाई, वस्तू हवेतून चालत जाई आणि न दिसणाऱ्या माणसाचा वावर प्रेक्षकाला जाणवे. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाशी नाते सांगणारी ही युक्ती इतकी गाजली की चित्रसृष्टीत बाबूभाईंना 'काला धागा' हेच नाव पडले. फुल्टन यांचे यश प्रयोगशाळेत, फिल्म धुण्याच्या आणि छापण्याच्या टप्प्यावर घडले होते. बाबूभाईंचे यश कॅमेऱ्यासमोर, चित्रण चालू असतानाच घडले. साधनांच्या टंचाईतून जन्मलेले हे तंत्र पुढे अनेक दशके मुंबईच्या ट्रिक फोटोग्राफीचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या साहाय्याने चमत्कार दाखवण्याच्या कलेचा, कणा बनले.

प्रकाश पिक्चर्सचा पुढचा प्रवासही लक्षात घेण्याजोगा आहे. याच संस्थेने १९४२ मध्ये 'भरत मिलाप' आणि १९४३ मध्ये 'रामराज्य' हे चित्रपट काढले, आणि दोन्ही मराठीतही निघाले. बाबूभाई मिस्त्री यांनी 'संपूर्ण रामायण' (१९६१) आणि 'महाभारत' (१९६५) दिग्दर्शित केले. वेल्सचा वैज्ञानिक अदृश्य करण्यासाठी घडलेला हात काही वर्षांतच अस्त्रे उडवू लागला आणि देवांना अंतर्धान पावताना दाखवू लागला. मुंबईत विज्ञानकथा आणि पौराणिक कथा या दोन वेगळ्या शाखा कधी झाल्याच नाहीत, याचे पहिले कारण असे तंत्राच्या पातळीवरच सापडते.

बालाघाटातला प्रेक्षक

दुसरे कारण प्रेक्षकात आहे. 'ख्वाब की दुनिया' पडद्यावर आला तेव्हा बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा पश्चिमेकडचा जिल्हा होता. १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर तो भारतात आला, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाड्याबरोबर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात सामील झाला. संस्थानात कारभाराची आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती, त्यामुळे हिंदुस्थानी बोलपटांची भाषा इथल्या माणसाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सिनेमा पोहोचवण्याचे काम प्रामुख्याने टुरिंग टॉकीजने, म्हणजे यंत्र आणि तंबू ट्रकवर लादून जत्रांमागे फिरणाऱ्या चित्रपटगृहांनी केले. या व्यवसायाच्या अखेरच्या पर्वाचे चित्रण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या माहितीपटात आढळते. जत्रेतला तंबू ही देवदर्शन आणि सिनेमा यांना एकाच संध्याकाळी जोडणारी जागा होती, आणि पडद्यावरच्या चमत्काराचा अर्थ प्रेक्षक त्या जागेवर बसून लावत असे.

बीड जिल्ह्यात हा अर्थ लावण्याची सामग्री फार जुनी आहे. आष्टी तालुक्यात सावरगावजवळ मायंबा येथे मच्छिंद्रनाथांची समाधी मानली जाते, आणि पाटोदा तालुक्यातला गहिनीनाथगड गहिनीनाथांच्या नावाने ओळखला जातो. नवनाथांच्या कथा सांगणारा, धुंडिसुत मालू यांनी शके १७४१ म्हणजे १८१९ मध्ये रचलेला 'नवनाथ भक्तिसार' हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ या मुलखात पारायणाने, म्हणजे ठरावीक दिवसांत संपूर्ण पोथी वाचून, ऐकला जातो. मंत्र आणि अस्त्रे यांची शाबरी विद्या, रूप पालटणे, भस्माची चिमूट टाकून वाटेल ते घडवणे या गोष्टी पोथी ऐकलेल्या माणसाला नवलाच्या वाटत नाहीत. एखादा माणूस दिसेनासा होतो, हे या श्रोत्याला वेल्सने किंवा विजय भट्टांनी शिकवण्याची गरज नव्हती.

भारतीय शास्त्रग्रंथांनीही अदृश्यतेचा विचार केलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या 'औपनिषदिक' या चौदाव्या अधिकरणात, म्हणजे गुप्त प्रयोगांच्या प्रकरणात, अंतर्धानासाठी अंजने आणि लेप सांगितले आहेत. पतंजलीच्या योगसूत्रांत विभूतिपादात योग्याच्या अंतर्धानाचे कारण दिले आहे, ते असे की शरीराच्या रूपावर संयम केल्याने त्याची पाहिले जाण्याची शक्ती थांबते आणि पाहणाऱ्याचा डोळा व प्रकाश यांचा संबंध तुटतो. साधन योगाचे असले तरी स्पष्टीकरण डोळा आणि प्रकाश यांच्याच भाषेत केलेले आहे, आणि ग्रिफिनच्या सिद्धान्ताशेजारी ठेवल्यास ते विचार करायला लावते. वेताळपंचविशीत मूलदेव तोंडात धरायला गुटिका, म्हणजे मंतरलेली गोळी, देतो आणि ती तोंडात असेपर्यंत माणसाचे रूप पालटलेले राहते, ही युक्तीही मराठी वाचकाच्या ओळखीची होती.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या परंपरेने सिद्धीचा, म्हणजे साधनेने मिळणाऱ्या अलौकिक शक्तीचा, मोह वेळीच ओळखला होता. सिद्धी या समाधीच्या वाटेवरचे अडथळे आहेत, असे पतंजलीच सांगतो. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानेश्वरांना मिळालेल्या नाथपरंपरेत चांगदेवाची कथा आहे. चौदाशे वर्षे योगबळाने जगलेला, वाघावर बसून आलेला हा सिद्ध ज्ञानेश्वरांपुढे नम्र होतो आणि 'चांगदेव पासष्टी'चा उपदेश ऐकतो. सिद्धी मिळवणे कठीण, परंतु ती मिळाल्यावर अहंकार सोडणे त्याहून कठीण, आणि माणसाची खरी परीक्षा तिथे होते, हा संस्कार कीर्तनातून आणि पोथीतून पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला होता. प्लेटो आणि वेल्स यांनी विचारलेला प्रश्न इथे आधीच विचारला गेला होता, आणि शक्ती हाती आल्यावर माणूस बिघडतोच असे उत्तर इथल्या श्रोत्याने गृहीत धरलेले नव्हते. शक्ती पचवणारा साधू आणि शक्तीने फुगणारा मांत्रिक, असे दोन्ही त्याच्या ओळखीचे होते.

'मिस्टर एक्स'पासून 'एलान'पर्यंत

स्वातंत्र्यानंतरचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न नानाभाई भट्ट यांचा. नानाभाई हे प्रकाश पिक्चर्समध्येच ध्वनिमुद्रणाचे काम शिकले होते, आणि १९४२ चा 'मुकाबला' त्यांनी बाबूभाई मिस्त्रींच्या साथीने दिग्दर्शित केला होता. त्यांच्या 'मिस्टर एक्स'मध्ये अशोक कुमार आणि नलिनी जयवंत यांच्या भूमिका होत्या, संगीत एन. दत्ता यांचे होते. हे एन. दत्ता म्हणजे गोव्याचे दत्ता नाईक, ज्यांनी पुढे 'मधुचंद्र' आणि 'अपराध' यांसारख्या मराठी चित्रपटांना संगीत दिले. 'मिस्टर एक्स'मध्ये अदृश्यता प्रयोगशाळेतल्या रसायनातून येते, म्हणजे वेल्सचा धागा कायम राहतो. परंतु ग्रिफिन स्वतःच्या महत्त्वाकांक्षेपायी अदृश्य होतो, तर हिंदी नायकावर अदृश्यता येऊन कोसळते. हा फरक दिसायला किरकोळ असला तरी त्यानेच पुढच्या साऱ्या परंपरेची दिशा ठरवली. अपघाताने शक्ती मिळालेल्या माणसावर लोभाचा आरोप येत नाही, आणि प्रेक्षक निर्धास्तपणे त्याच्या बाजूला उभा राहू शकतो.

शांतिलाल सोनी दिग्दर्शित 'मिस्टर एक्स इन बॉम्बे'मध्ये किशोर कुमार आणि कुमकुम होते, आणि विनोद व गाणी यांना त्यात मोठी जागा मिळाली. लक्ष्मीकांत–प्यारेलाल या जोडीचे त्याला संगीत होते. या जोडीचा पहिला प्रदर्शित चित्रपट 'पारसमणी' (१९६३) हा बाबूभाई मिस्त्री यांनीच दिग्दर्शित केला होता. १९३७ च्या त्या स्टुडिओतून निघालेली माणसे आणि त्यांचे स्नेहसंबंध या विषयाभोवती कसे पुन्हापुन्हा एकत्र येत राहिले, याचा हा आणखी एक दाखला होय.

के. रमणलाल यांच्या 'एलान'मध्ये विनोद मेहरा, रेखा आणि विनोद खन्ना होते. यातले साधन अणुशक्तीच्या काळाला साजेसे, वैज्ञानिकाने बनवलेली अंगठी असे आहे. पण ती तोंडात धरावी लागते आणि कपडे उतरवावे लागतात. कपडे उतरवण्याची अट थेट वेल्सची आहे, अंगठी प्लेटोच्या मेंढपाळाची आठवण करून देते, आणि ती तोंडात धरण्याची रीत वेताळपंचविशीतल्या गुटिकेची आहे. पटकथाकारांनी हे तिन्ही संदर्भ जाणीवपूर्वक जुळवले असतील असे समजण्याचे कारण नाही. लोकांच्या स्मरणात साठलेल्या कथा नव्या कथेच्या घडणीत आपोआप उतरतात, आणि अशा जागी परंपरेचे जिवंतपण सर्वाधिक स्पष्ट दिसते.

'मिस्टर इंडिया'

या परंपरेचे शिखर म्हणजे शेखर कपूर दिग्दर्शित, बोनी कपूर निर्मित आणि सलीम–जावेद या जोडीने लिहिलेला 'मिस्टर इंडिया'. चित्रीकरण बाबा आझमी यांचे आणि ट्रिकदृश्ये पीटर परेरा यांची. संगणकाने प्रतिमा घडवण्याच्या आधीच्या काळातली ही दृश्ये कॅमेरा, तारा, काळे कापड आणि अविरत सराव यांच्या जोरावर उभी राहिली. संगीत पुन्हा लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांचे होते. अनाथ मुलांना सांभाळणारा अरुण वर्मा (अनिल कपूर) याला आपल्या दिवंगत वैज्ञानिक पित्याने बनवलेले, मनगटावर बांधायचे अदृश्यतेचे यंत्र सापडते, आणि त्या शोधाचे रहस्य त्याला सांगणारे वृद्ध प्राध्यापक सिन्हा यांची भूमिका अशोक कुमार करतात. तीस वर्षांपूर्वीचा अदृश्य नायक नव्या नायकाच्या हाती वारसा सोपवतो, हे दृश्य या परंपरेच्या इतिहासात विशेष अर्थपूर्ण आहे.

कादंबरीशी ताडून पाहिल्यास या पटकथेचे सर्व बदल एकाच दिशेने झालेले दिसतात. ग्रिफिनने बापाला लुबाडून शोध लावला होता. अरुणला शोध बापाकडून वारसा म्हणून मिळतो. ग्रिफिनला कपडे उतरवावे लागत. अरुणचे यंत्र कपड्यांसकट त्याला नाहीसे करते, त्यामुळे थंडी, लाज आणि असहायता हे वेल्सचे सारे प्रश्न निकालात निघतात. ग्रिफिन एकटा आहे; अरुणभोवती मुलांनी भरलेले घर आहे. ग्रिफिनला दहशत माजवायची होती. इथे दहशत खलनायक मोगँबोची (अमरीश पुरी) आहे आणि अदृश्यता तिच्याविरुद्ध वापरली जाते. वैज्ञानिक नियमाचा एकच अवशेष उरतो, तो म्हणजे लाल प्रकाशात किंवा लाल काचेतून अदृश्य माणूस दिसतो. पण तो अवशेष कथेत अत्यंत कौशल्याने वापरला आहे, कारण त्यामुळे शक्तीला मर्यादा येते आणि प्रत्येक प्रसंगात पकडले जाण्याचे भय टिकून राहते.

सोन्याच्या हनुमानमूर्तीच्या प्रसंगात या चित्रपटाची सांस्कृतिक जाण सर्वात उघड होते. अदृश्य नायक ती मूर्ती उचलून गुंडांना झोडपतो आणि पाहणाऱ्यांना प्रत्यक्ष बजरंगबली धावून आल्यासारखे वाटते. यंत्र विज्ञानाचे आहे हे प्रेक्षकाला माहीत असते, तरी त्या क्षणी दिसणारा अर्थ दैवी असतो, आणि चित्रपट या दोहोंपैकी एकाची निवड करायला सांगत नाही. पारायणाला बसणारा आणि तंबूत सिनेमा पाहणारा माणूस एकच असतो, हे ओळखूनच हा प्रसंग रचलेला आहे. अरुणच्या घरातल्या अनाथ मुलांपैकी निरागस टीनाचा बॉम्बस्फोटात होणारा मृत्यू कथेला अचानक गंभीर करतो, आणि शेवटच्या झुंजीत नायकाच्या हाताशी ते यंत्र नसते. मोगँबोला तो उघडपणे, साधा माणूस म्हणून भिडतो. चांगदेवाच्या कथेतला विवेक इथे लोकप्रिय सिनेमाच्या भाषेत पुन्हा प्रकट होतो, कारण विजय यंत्राचा होत नाही, यंत्रावाचूनही उभा राहणाऱ्या माणसाचा होतो. १९८९ मध्ये या कथेवर तमिळ आणि कन्नड चित्रपटही निघाले.

नंतरचे प्रयोग आणि परंपरेचा अर्थ

एकविसाव्या शतकात हा विषय दोन टोकांना गेला. प्रवाल रामन यांच्या 'गायब'मध्ये प्रयोगशाळा उरलीच नाही. सगळीकडून अपमान सोसणारा नायक (तुषार कपूर) देवाकडे गायब होण्याचे मागणे मागतो आणि ते पूर्ण होते. परंतु तो ती शक्ती चोरीसाठी आणि आवडलेल्या मुलीवर पाळत ठेवण्यासाठी वापरतो, म्हणजे साधन सिद्धीचे झाले तेव्हा वर्तन मात्र ग्रिफिनच्या जवळ आले. २०१५ चा 'मिस्टर एक्स' त्रिमितीत निघाला. त्यात इम्रान हाश्मीचा नायक सूर्यप्रकाशात आणि निळ्या दिव्यात दिसतो. विक्रम भट्ट हे त्याचे दिग्दर्शक 'ख्वाब की दुनिया' काढणाऱ्या विजय भट्टांचे नातू, तर निर्माते महेश आणि मुकेश भट्ट हे १९५७ चा 'मिस्टर एक्स' दिग्दर्शित करणाऱ्या नानाभाई भट्टांचे पुत्र. वेल्सची एक कल्पना दोन कुटुंबांत आठ दशके वारशाने चालत आली, असे उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल. दरम्यान पश्चिमेत ली व्हॅनेल यांनी २०२० मधील चित्रपटात तीच कथा अदृश्य पुरुषाच्या छळाला तोंड देणाऱ्या स्त्रीच्या बाजूने सांगितली, आणि ग्रिफिनच्या क्रौर्याला आजचा अर्थ दिला.

मराठी साहित्यात विज्ञानकथेची वाट विसाव्या शतकात वेगळ्या दिशेने रुंदावत होती. 'केरळ कोकिळ' मासिकातून १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप वाचकांपुढे आले, मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ मध्ये झाली, आणि तिच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने लिहिलेली 'कृष्णविवर' ही कथा १९७४ मध्ये पुढे आली. या लेखकांनी विज्ञानाच्या नियमांशी इमान राखले, तर मुंबईच्या पडद्याने ते नियम सैल केले. मात्र या सैलपणाला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. वेल्सच्या कादंबरीतले विज्ञान हे तिच्या नैतिक प्रश्नापर्यंत नेणारी वाट होते, आणि मुंबईच्या चित्रपटांनी वाट बदलली तरी प्रश्न सोडला नाही.

या प्रश्नाला दिलेल्या उत्तरामुळे ही परंपरा गंभीर अभ्यासाला पात्र ठरते. शक्ती आणि एकांत एकत्र आले की माणूस राक्षस होतो, असे वेल्स सांगतात. 'मिस्टर इंडिया' सांगतो की माणूस कोणासाठी जगतो यावर ते अवलंबून आहे. पहिले उत्तर साम्राज्य आणि विज्ञान यांच्या भरभराटीच्या काळात एका विचारी इंग्रज लेखकाने आपल्याच समाजाला दिलेला इशारा होते. दुसरे उत्तर अशा समाजातून आले, ज्याने सिद्धांच्या कथा शतकानुशतके ऐकताना शक्तीपेक्षा शक्तिमानाच्या वागण्याकडे अधिक लक्ष दिले होते. मायंबाच्या जत्रेला जाणारा माणूस आणि मुंबईतला पटकथाकार यांच्यामध्ये असलेले हे न सांगितलेले मतैक्य भारतीय विज्ञानपटाच्या इतिहासात केंद्रस्थानी ठेवायला हवे, कारण अदृश्य माणूस इथे लोकांचा नायक का झाला आणि वेल्सच्या खेड्यातल्यासारखा जमावाच्या हातून का मेला नाही, याचे कारण याच मतैक्यात आहे.